प्रेक्षकांची ड्यूटी लावणाऱ्या कमलताई

डॉ. कमलताई देवस्थळी यांनी साठी गाठली, हे त्यांच्याकडे पाहून पटत नाही; पण गौरवग्रंथ निघतो आहे त्याअर्थी ते खरं असावं. या ग्रंथात ताईंच्या लेखनावर, दिग्दर्शनावर आणि अभिनयावर लिहिणारी जाणती मंडळी आहेत. माझ्याकडे लेख मागितला गेला तेव्हा मी संपादकांना विचारलं, "मी कोणत्या नात्याने लिहू?" ते म्हणाले, "प्रेक्षक म्हणून लिहा. तुमच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणालाच नाही." ते खरं आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळात नट पुष्कळ झाले, गायक तर गरजेपेक्षा जास्तच झाले. प्रेक्षक म्हणून टिकलो तो मी एकटा.

ताईंची आणि माझी पहिली ओळख माझ्या घोट्यामुळे झाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. इंग्लंडच्या या टोकावरच्या पॉवर स्टेशनमध्ये मी नुकताच रुजू झालो होतो आणि पहिल्याच रविवारी कोल्हापुरी चपला घालून समुद्र पाहायला निघालो. आमचा किनारा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे वाळू नाही, नुसते गोटे आहेत. नजर पोचेल तिथवर गोटे, त्यांतून डोकं काढणारं खुरटं गवत, चार लाकडी झोपड्या, एक दीपगृह आणि आमचं पॉवर स्टेशन. झाड औषधालाही नाही. पाऊसही इंग्लंडच्या मानाने बेताचाच. लोक याला 'इंग्लंडचं वाळवंट' म्हणतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्या वाळवंटात माझ्या कोल्हापुरीने मला समुद्र दिसायच्या आतच दगा दिला.

कॅज्युअल्टीत पांढऱ्या कोटातल्या एक बाई आल्या. त्यांनी आधी कागदावरचं नाव वाचलं आणि मग घोट्याकडे पाहिलं.

"सबनीस? पुण्याचे का?"

"हो."

"गाता?"

"नाही."

"पेटी? तबला?"

"नाही."

"नाटकात काम केलंय कधी?"

"शाळेत एकदा झाड झालो होतो."

"इथे झाडाचा काही उपयोग नाही, लोकांना पटणार नाही," असं म्हणत ताईंनी माझा घोटा असा फिरवला की मला पुण्यातलं घर आठवलं. "दोन तास एका जागी गप्प बसता येईल?"

"तुम्ही प्लास्टर घातलंत तर येईल."

"प्लास्टरची गरज नाही, नुसता स्प्रेन आहे. पण शनिवारी संध्याकाळी व्हिलेज हॉलवर या. तुमची ऑडियन्सची ड्यूटी लावते."

मला वाटलं, बाई विनोद करताहेत. पुढे कळलं की ताई नाटकाच्या बाबतीत विनोद करत नाहीत.

आमच्या वाळवंटात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बहुतेक हॉस्पिटलातली, एक-दोन पॉवर स्टेशनमधली. लेस्टरसारख्या ठिकाणी कार्यक्रम ठरवला की हॉल भरतो. आमच्याकडे कार्यक्रम ठरवला की सगळेच्या सगळे स्टेजवर जायचे आणि समोर रिकाम्या खुर्च्या. त्यावर ताईंनी हॉस्पिटलचा उपाय काढला. वॉर्डात जसा डॉक्टरांचा रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, असतो, तसा त्यांनी प्रेक्षकांचा रोटा केला. या महिन्यात तुम्ही गायलात, तर पुढच्या महिन्यात खाली बसून ऐकायचं. ड्यूटी बदलून हवी असेल तर स्वतः बदली माणूस आणायचा. आणि ही ड्यूटी म्हणजे नुसतं बसणं नव्हे! नाटकाच्या तालमीसारखी आमचीही तालीम व्हायची. घड्याळाकडे पाहायचं नाही. हॉस्पिटलचा ब्लीप, म्हणजे खिशातला पेजर, वाजला तर तो पोटाशी धरून वाकून बाहेर जायचं. हसू आलं तर मोठ्याने हसायचं, आणि नाही आलं तर शेजाऱ्याकडे बघून अंदाज घ्यायचा. एकदा एका करुण प्रसंगात मला जांभई आली. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "मोहनराव, काल तुम्ही तिसऱ्या रांगेत पडलात."

कार्यक्रम वेळेवर सुरू करण्याबद्दल तर त्यांचा हट्ट असा, की एकदा दाट धुक्यात आम्ही सगळे गाड्या गोगलगायीसारख्या चालवत पोचलो, तोवर ताईंचं नांदीनंतरचं निवेदन रिकाम्या हॉलसमोर उरकून झालेलं होतं. "प्रेक्षक नव्हते हो ताई!" मी म्हणालो. "वेळ झाली होती," ताई म्हणाल्या.

या कडक बाईंच्या मनात किती माया आहे, ते मला नीलिमा आल्यावर कळलं. लग्न होऊन माझी बायको नाशिकहून थेट या गोट्यांवर येऊन पडली. खिडकीतून बाहेर बघून तिने विचारलं, "बाकीचं गाव कुठे आहे?" हेच गाव, असं सांगितल्यावर ती जी रडायला लागली ती काही केल्या थांबेना. मी ताईंना फोन केला. ताई नाइट ड्यूटी संपवून, न झोपता, साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन आल्या. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. नीलिमाच्या हातात नाटकाची संहिता ठेवली आणि म्हणाल्या, "मला प्रॉम्प्टर हवीय. उद्यापासून तालीम." नीलिमाचा आवाज मुळात खणखणीत. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं आमच्या प्रेक्षकांनी प्रत्येक नाटक दोनदा ऐकलं, आधी विंगेतून आणि मग स्टेजवरून. ताईंनी तिला एकदाही आवाज कमी करायला सांगितलं नाही. मी सुचवून पाहिलं, तर म्हणाल्या, "ती बोलतेय ना आता? बोलू दे."

आता त्या नाटकाबद्दल. या ग्रंथात दुसऱ्या कुणी त्याबद्दल लिहिलेलं नसेल, कारण पाहणारे आम्ही दोघंच होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हॉल कमिटीचे चेअरमन म्हणून मिस्टर व्हिटलॉक आले. उंच, निवृत्त, सभ्य आणि नियमाला पक्के. शनिवारची संध्याकाळ कार्पेट बोल्सवाल्यांना, म्हणजे गालिच्यावर चेंडू घरंगळवत खेळणाऱ्यांना, हवी होती. व्हिटलॉकसाहेबांनी ताईंना बोलावून नियम दाखवला. शनिवार ज्या संस्थेकडे, तिच्या कार्यक्रमाला किमान वीस माणसं हजर असली पाहिजेत. पुढच्या कार्यक्रमाला ते स्वतः येऊन मोजणार होते. हॉल गेला तर मंडळ गेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आसपास तेवढा एकच हॉल, आणि कुणाच्याही बैठकीच्या खोलीत पडदा लागत नाही. ताई त्या दिवशी गाडीत एवढंच म्हणाल्या, "हे गेलं तर मी इथे नुसती हाडं जोडत बसेन."

आम्ही हातपाय मारले. लंडनच्या ओळखीच्यांना फोन केले, ते "पुढच्या वर्षी नक्की" म्हणाले. गावात पोस्टर लावली, ती वाऱ्याने फ्रान्सला पोचवली. शेवटी ताईंनी स्वतःच योजना आखली. आम्ही लहानमोठे धरून वीस जण होतो, पण नाटक तीन अंकी, आणि पात्रं एका वेळी स्टेजवर चार-पाचच. ज्याचा प्रवेश संपेल त्याने मागच्या दाराने बाहेर पडायचं, हॉलला वळसा घालायचा, पोशाखावर ओव्हरकोट चढवायचा आणि पुढच्या दाराने येऊन प्रेक्षकांत बसायचं. प्रवेश आला की उलट. दारातून येणारा प्रत्येक जण मोजला गेला की विसाचा आकडा पुरा. याची तालीम नाटकापेक्षा जास्त झाली.

तालमीत आम्ही एक गोष्ट विसरलो. तालीम आमचे भूलतज्ज्ञ डॉ. बापट यांच्या घरी, गालिच्यावर झाली होती. हॉलभोवती मात्र गोटे! प्रयोगाच्या दिवशी स्टेजवर नाटकातल्या सरदारांची आई दुःख करतेय आणि भिंतीपलीकडून करकर करकर करत कुणीतरी धावतंय. व्हिटलॉकसाहेब माझ्या शेजारीच बसले होते. दर वेळी त्यांची मान आवाजाबरोबर हॉलभोवती फिरायची आणि पुढच्या दाराशी येऊन थांबायची. दार उघडलं की धापा टाकणारा माणूस आत, अंगावर ओव्हरकोट, खाली धोतर. बापट नाटकात कपटी कारभारी झाले होते. दुसऱ्या अंकात त्यांनी तलवारीने वार खाऊन पाच मिनिटं जीव सोडला आणि थोड्याच वेळात साहेबांच्या पलीकडच्या खुर्चीत बसून ते बटाट्याचे क्रिस्प्स खाऊ लागले. साहेबांनी त्यांच्या मिशीकडे पाहिलं, मग हातातल्या पेन्सिलीकडे. माझं धाबं दणाणलं.

खरा घोटाळा तिसऱ्या अंकात होता. ताईंच्या प्रत्येक नाटकाचा शेवट एकच असतो, सगळी पात्रं स्टेजवर. दोन वाक्यांचा भालदारसुद्धा शेवटी उभा राहिलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक. या नाटकाचा शेवट लग्नाचा. आणि हे इतकं अंगवळणी पडलेलं, की लग्नाला सगळे स्टेजवर गेले तर खाली कोण बसणार, हा विचार योजना आखताना कुणाच्याच मनात आला नाही. विंगेत पुढे काय झालं ते नीलिमाने मला नंतर सांगितलं. बापट म्हणाले, "ताई, आपण आठ-दहा जणांना खाली पाठवू. तो काउंट करतोय. हॉल जाईल."

"कुणाला पाठवू? नावं सांगा," ताई म्हणाल्या.

कुणीच नाव सांगेना. सगळ्यांनी आपापले फेटे बांधलेले, मुलींनी नऊवारी नेसलेल्या, नीलिमासुद्धा अक्षतांचं तबक घेऊन तयार.

"मग सगळे चला. हॉलचं बघता येईल."

पडदा वर गेला. स्टेजवर आख्खं वऱ्हाड, अगदी मेलेले बापटही फेटा बदलून हजर. खाली मी आणि व्हिटलॉकसाहेब. नीलिमाने खाली येऊन आम्हा दोघांच्या मुठीत अक्षता दिल्या. आता मंगलाष्टकं सुरू होणार, तोच वरमाईच्या वेशातल्या ताई पुढे आल्या आणि संहितेत नसलेलं वाक्य बोलल्या.

"मोहनराव, लग्नाला कुणी असं लांब बसतं का? वर या."

इतकी वर्षं मी त्या खुर्चीत काढली होती. ताईंनी मला कधी स्टेजवर बोलावलं नव्हतं, आणि मी जाण्याच्या लायकीचा नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी उठलो. मला उठलेलं पाहून व्हिटलॉकसाहेबांना वाटलं, इथली रीतच ही असावी. पाहुण्याने मागे राहणं बरं दिसणार नाही म्हणून तेही मुठीत तांदूळ घेऊन माझ्यामागे पायऱ्या चढले. बापटांच्या शेजारी उभं राहून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही मेला होतात ना?"

"हो, पण घरचंच लग्न," बापट म्हणाले.

मंगलाष्टकं झाली. साहेबांनी अक्षता चुकीच्या ओळीला टाकल्या आणि मग लाजून बरोबर ओळीला पुन्हा टाकल्या. टाळ्या वाजवायच्या वेळी आमच्या लक्षात आलं की समोर चिटपाखरू नाही. साहेबही वळून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिले. ताई पुढे झाल्या. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मिस्टर व्हिटलॉक, आम्ही एवढेच आहोत. मघापासून तुम्ही ज्यांना मोजलंत ते आम्हीच."

"ते मला पहिल्या अंकातच कळलं," साहेब म्हणाले. त्यांच्या केसांत तांदूळ अडकले होते. "नियम म्हणतो की वीस माणसं हजर हवीत. तुमचे हे वीस मी आता मोजले. त्यांनी खाली बसलं पाहिजे असं नियमात कुठेही नाही. त्या मिशीवाल्या गृहस्थांना मात्र मी एकदाच धरलंय."

ताईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्या ओरडल्या, "अरे, पडदा पाडा ना!" पण पडदा ओढणाराही लग्नाला आला होता. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, आणि मला रडू आवरेना. शाळेत झाड झालो तेव्हाही मला कडेला उभं केलं होतं. इथे या बाईंनी हॉल पणाला लावला, तो आमच्यातलं एकही माणूस कडेला राहू नये म्हणून. त्यांचं नाटक कसं होतं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. पण माणूस म्हणून त्या काय आहेत, ते मी त्या संध्याकाळी स्टेजवरून पाहिलं.

शनिवार अजून आमचाच आहे. ताई आता हॉस्पिटलमधून निवृत्त होताहेत. त्या रीडिंग शहरात मुलाकडे कायमच्या राहायला जाणार, अशी कुणकुण माझ्या कानावर आली आहे. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत आणि रक्तदाब तुमच्या धाकात राहो, ही आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना. पण रीडिंगचा विचार तेवढा सोडा. तिथे मराठी माणसं ढिगाने आहेत, नाटकं आपोआप होतात, हॉल आपोआप भरतो. तिथे तुमचं काय काम? आमच्याकडे झाड नाही, पाऊस नाही, माणसंही एवढीच. तुम्ही इथेच हव्यात.