सुशीला सुटली त्या दिवशी

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. आमच्या बायकांजवळ नाही, सुशीलाजवळ तर नाहीच. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं लिहिता येतं — म्हणून तुम्हाला लिहून सांगते.

आधी चांगलं सांगू? अनुसूयाकाकी तुरुंगातून सुटली तेव्हा तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. म्हणून पुढची बाई सुटली त्या दिवशी काकी स्वतः दारासमोर जाऊन उभी राहिली. तिथून आमचं सुरू झालं. आज मिरजोळ्याला आमची खोली आहे. आंबापोळी, फणसपोळी, कोकमं करून सातजणी स्वतःच्या कमाईचं जेवतो. कशासाठी आत होतीस, असं आमच्यात कुणी विचारत नाही. पण बाई सुटायच्या दिवशी आमच्यातली एक दारासमोर हवीच, हातात नव्या चपला घेऊन. आत वर्षं काढली की जुन्या चपलांचे अंगठे तुटतात — हे आमच्याशिवाय कुणाला सुचणार?

सुशीलाच्या वेळी पाळी माझी होती.

मी परत येऊन सांगितलं, आज सोडत नाहीत, शिपाई उद्या ये म्हणाला. सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी कधी खोटं बोलत नाही, असं काकी सगळ्यांना सांगायची.

शिपायाशी मी बोललेच नव्हते. वेळेवर पोचले होते, चपला काखेत होत्या. पण समोरच्या स्टॉपवर माझी घरमालकीण एसटीची वाट बघत उभी. तिला मी सांगितलं होतं, तीन वर्षं मुंबईला भावाकडे होते. माझी भाड्याची खोली गेली तर? — मी चहाच्या टपरीमागे सरकले.

सुशीला बाहेर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग दगडावर बसून राहिली. एसटी आली, मालकीण गेली, रस्ता मोकळा झाला. आणि तरी — तरी मी हलले नाही. आता पुढे होऊन काय सांगू, टपरीमागे लपले होते म्हणून? ती उठून चालू लागली. अनवाणी.

मे महिन्यातला तो कातळ. संध्याकाळी विचारत विचारत ती मिरजोळ्याच्या खोलीवर आली, तळव्यांना फोड. "कोण आलं नाय. म्हटलं, आपणच जावं," म्हणाली नि हसली. फोडांना खोबरेल मीच लावलं. माझा हात हलका आहे म्हणाली. त्या शिपायाला ती अजून शिव्या घालते.

दोन वर्षांनी पुन्हा माझी पाळी आली, आणि नेमकी मालकीण समोर. "काय गो, कोणाची वाट बघतेस?"

"आमच्यातली एक सुटतेय, वैनी. मीपण ह्याच दारातनं आलेय."

माझा आवाज एवढा मोठा होता की टपरीवाल्याने किटली खाली ठेवली. महिनाभरात भाड्याची खोली सोडावी लागली. सोडली. डोक्यावर ट्रंक घेऊन भर दुपारी, सगळ्या आळीसमोरून चालत गेले, आणि खरं सांगते — लग्नाच्या वरातीतसुद्धा मी इतकी ताठ चालले नव्हते.

त्यानंतर आमची एकही बाई रिकाम्या रस्त्यावर बाहेर आली नाही. आता बहुतेक वेळा सुशीलाच जाते. कचेरीत साहेबांसमोर उभी राहून आमची रेशनकार्डं तिने आमच्या स्वतःच्या नावावर करून घेतली. परवा सुटलेल्या पोरीला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, ही ताई माझ्या वेळी आली असती गो, त्या शिपायाने फसवलंन. मी आंबापोळी उलटत राहिले.

गेल्या पावसाळ्यात मी तिला अक्षरं शिकवली. आता ती जोडाक्षरंही अडखळत वाचत नाही, सरळ वाचते. हे सगळं लिहिलेली ही वही मी ट्रंकेत ठेवत नाही. आमच्या सगळ्यांच्या खोलीतल्या फळीवर ठेवते.