मुका टीव्ही

गादीला खोळ अर्धीच चढली होती. आतले कोपरे नीट बसावेत म्हणून घाईबाई डोक्याकडून कमरेपर्यंत त्या खोळीत शिरली होती, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. पिंजारलेल्या केसांनी तिनं दार उघडलं, तर समोर घरमालकीण!

आत्ताच्या घराची नव्हे. जिचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं मिळावा म्हणून ही रोज देवाला साकडं घालत होती, ती. बाई निवृत्त नर्स. स्वतः खालच्या मजल्यावर राहायच्या. आधीच्या भाडेकरूंनी गोंगाट करून त्यांचं डोकं उठवलं होतं, तेव्हापासून त्यांची एकच तऱ्हा: न कळवता नव्या भाडेकरूचं राहतं घर जाऊन बघायचं, मगच काय ते सांगायचं.

घाईबाई चष्म्याच्या दुकानात नोकरीला. पाच कामं एकदम काढून सहाव्याकडे धावायची, म्हणून हे नाव. पण दुसरी खोली तिला हवी होती ती सासूबाईंसाठी. म्हातारीला किती दिवस बाहेर सोफ्यावर झोपवायचं?

नर्सबाईंनी स्वयंपाकघर पाहिलं, त्या न्हाणीघरात डोकावल्या आणि थेट सासूबाईंपुढे बसल्या.

"आजी, खरं सांगा. घरात आवाज किती असतो?"

घाईबाईनं मागून डोळे वटारले. ते दिसल्यावर तर सासूबाईंना आणखीच चेव आला.

"दिवसभर हिची भांडी आदळतात. आणि रात्रीचं तर विचारूच नका! मी आडवी झाले की हे दोघं टीव्हीचा आवाज बंद करून खाली जमिनीवर बसतात. माझा लेक बस चालवतो, पण तेव्हा अंगात नट संचारतो. हिच्या कानात मनचे संवाद म्हणतो. परवा नायिका ढसाढसा रडत होती, तर हा म्हणतो, 'अगं बाई, दूध उतू गेलं!'"

"आई! म्हणजे तुम्ही झोपत नाही?"

"झोपते कसली! पांघरुणात तोंड दाबून हसते. अगदीच आवरेना झालं की घोरल्याचं सोंग करते."

घाईबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गेला फ्लॅट! असल्या वेड्यांच्या हाती किल्ली कोण देणार?

नर्सबाई मात्र हसून हसून डोळे पुसत होत्या.

"आधीच्यांच्या मालिका मला खाली बसून पाठ झाल्या होत्या. तुमचा हा मुका टीव्ही येऊ दे वर. एक तारखेपासून या."

"आणि भांडी?" घाईबाईच्या तोंडून निघून गेलं.

"ती दिवसा आदळा."

देवाच्या मनात असलं की घरातलं तोंडाळ माणूसच वकील होऊन उभं राहतं!

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला. "मला वेगळी खोली दिलीत, तर मला ऐकू कसं येणार गं?"

"दार उघडं ठेवू की, आई. आणि ह्यांना सांगू, जरा मोठ्यानं बोला."

"जरा म्हणजे जराच हं!" नर्सबाई उठता उठता म्हणाल्या.

आता बांधाबांध आली. घाईबाईनं पायात चपला सरकवल्या आणि ती किराणावाल्याकडे रिकामी खोकी मागायला निघाली.