चार बोटं सागवान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

माझे आप्पा सुतार. सोलापुरात घरासमोरच्या पत्र्याखाली त्यांचं काम चालतं. हाताची करवत, हाताचा रंधा, मशीन नाही. वखारीत सागवानाचा भाव दर खेपेला चढलेला असतो, म्हणून ते फळी तान्ह्या बाळासारखी उचलून आणतात. आई म्हणते, “मला हळदीत बी एवढं जपून आणलं न्हाय!”

आमच्यात एक रीत आहे. अमावास्येला हत्याराला हात लावायचा नाही. त्या दिवशी आप्पा अंघोळ करून देवाला जातात आणि दुपारी मस्त घोरतात.

तशाच एका अमावास्येला —

थांबा, आधी कॉलेजचं सांगते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मैत्रिणीचा वाढदिवस होता आणि मी ऐटीत बोलून बसले होते, “मी तुला सागवानाचा मोबाईल स्टँड करून देते. आमच्या घरी काय, सागवान पडलेलंच असतं!” पडलेलं? आमच्या घरी?

एकच फळी होती. कुर्डुवाडीच्या एका गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्यासाठी आप्पांनी आदल्या दिवशी मापात कापून ठेवलेली. मी तिची चार बोटं कापली. कडेवर रंधा मारला — अगदी आप्पांसारखा. भुसा झाडला. आप्पा घोरत होते.

थोडी जास्त ठेवली असेल, असं वाटलं मला? नाही. फळीवर आप्पांच्या अक्षरात माप लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी फळी मापली. परत मापली. मग खाली बसले. माझ्यावर संशय यायचा प्रश्नच नव्हता — अमावास्येला आमच्या घरात करवत चालतच नाही ना! “माजंच चुकलं,” ते म्हणाले. “डोळं गेलं आता.” दुसरी फळी त्यांनी पदरची घातली. मी चहा आणून दिला. तेवढंच केलं.

मग चष्मा आला. जाड काळ्या काड्यांचा. आईनं विचारलं, “आता तरी मी नीट दिसती का?”

“दिसतीस की. लई दिसतीस.”

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मीसुद्धा. कशी हसले असेन मी?

कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, चष्मा फक्त वाचायला. बाकी नजर चांगली आहे. पण आप्पांचा त्यावर विश्वास बसेना. बाभूळ, निंब ते अजून बेधडक कापतात, गाणं म्हणत. सागवान आलं की गाणं बंद. रेघ मारतात, करवत खाली ठेवतात आणि मला हाक मारतात. शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतात, “पोरगी कॉलेजात हाय. तिनं बघितल्याबिगर मी सागवान कापत न्हाय.”

कालही हाक आली. “बघ गं बाई, रेघ बरोबर हाय का?”

मी वाकले. टेप लावली. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत उभे, चष्म्यावर भुसा.

“बरोबर हाय, आप्पा.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि करवत उचलली.

रेघ बरोबर होती. त्या वेळचीही बरोबरच होती.