काकांचा घुमणारा अ‍ॅम्प्लिफायर

मांडवीला आमच्या खालच्या मजल्यावर एक काका एकटेच राहतात. मुलगा मस्कतला असतो. त्याने हौसेने पाठवलेला अ‍ॅम्प्लिफायर काकांनी टीव्हीला जोडून घेतला होता. एका संध्याकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "वायच खाली ये रे. घुमतोय बघ."

काका प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. एकट्याने राहून लागलेली सवय असावी. "चाय घेणार? घेणारच." स्पीकरला कान लावून, एक बोट वर धरून ते म्हणाले, "ऐकलंस? ऐकलंस ना."

घूं असा आवाज खरंच येत होता. टीव्ही एका बोर्डावर होता, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर. दोन्ही पिना मी एकाच बोर्डात लावल्या, तसा आवाज थांबला. काका खूश होतील असं वाटलं होतं. ते नुसतेच म्हणाले, "झालं पण?"

आठवड्याने परत हाक आली. जाऊन पाहतो तर अ‍ॅम्प्लिफायरची वायर सोफ्यामागून ओढून जुन्याच बोर्डात खोचलेली. हे काम काकांशिवाय कुणाचं असणार? मी वर पाहिलं, तर ते लगबगीने स्वयंपाकघरात निघाले होते.

मी पिन तशीच राहू दिली. मागच्या दोन वायरी उगाच काढून पुन्हा लावल्या आणि म्हटलं, "काका, हे एका दिवसात नाही व्हायचं. उद्या परत बघावं लागेल."

काका चहाचे कप घेऊन बाहेर आले.

"मग उद्या जेवायलाच ये," काका म्हणाले. "बांगडे आणतो."