बाराची तुकडी

पहिल्या खेळात मी माझ्या साठ शिपायांच्या पाच तुकड्या केल्या, प्रत्येकीत बारा. कारण साधे होते. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि त्याच्या भांडारात मी कारकून होतो. बाटल्या, बुचे, ब्रश, सारे डझनाने येई आणि डझनाने जाई. साठ म्हटले की मला पाच डझनच दिसत.

खेळ माझ्या घरमालकांचा होता. ते पायदळातले निवृत्त हवालदार. चिंचवड गावात त्यांच्या घरची पुढची खोली मी भाड्याने घेतली होती. महायुद्धात इटलीत पायाला गोळी लागून ते इस्पितळात पडले असताना शेजारच्या खाटेवरच्या एका गोऱ्या सार्जंटने वेळ घालवायला हा खेळ त्यांना शिकवला. गावी परतल्यावर त्यांनी गोठ्याचे जुने दार काढून दोन ट्रंकांवर आडवे टाकले, गोणपाटाखाली विटा ठेवून टेकड्या केल्या आणि मावशींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी अंथरून मधून पवना नदी नेली. शिपाई मिस्त्रींनी कोरले होते. स्टेशनजवळ त्यांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. मालाच्या खोक्यांच्या फळ्यांतून त्यांनी अर्ध्या बोटाएवढ्या खुंट्या काढल्या. निम्म्यांची डोकी लाल रंगवली, निम्म्यांची हिरवी. रविवारी दुपारी दोघे खेळत, तिसरा पंच होई.

नियम थोडे होते. प्रत्येकाला साठ शिपाई. तुकडी पाचाहून लहान नको, विसाहून मोठी नको. मधली कोणतीही संख्या चालेल. एका डावात प्रत्येक तुकडीने एकदा हलायचे, अंतर वितीने मोजायचे, मग गोळीबार. तुकडीत उभ्या असलेल्या दर पाच माणसांमागे एक फासा. पाच किंवा सहा पडले की समोरचा एक शिपाई आडवा. निम्मी माणसे पडली की उरलेली धीर सोडतात आणि तुकडी दारावरून उचलायची.

माझ्या बाराच्या तुकड्यांना प्रत्येकी दोनच फासे मिळाले. हवालदारांनी वीसच्या दोन आणि दहाच्या दोन तुकड्या केल्या होत्या. त्यांचे फासे बारा, माझे दहा. तासाभरात माझे सैन्य खुंट्यांच्या खोक्यात गेले.

"बाबू, दर तुकडीत दोघं नुसती भाकरी खायला आनलीत जनू," हवालदार म्हणाले.

"साब, कारखान्याची मानसं हायेत ती," मिस्त्री म्हणाले. "हजेरी लावून झाडाखाली बसली."

मिस्त्रींची पद्धत उलट. ते पाचाच्या बारा तुकड्या करत आणि चारी बाजूंनी घुसत. हवालदार त्याला चिमण्यांचे सैन्य म्हणत. पाचातला एक पडला की उरलेल्या चौघांना फासा मिळत नसे; पण तोवर त्यांनी मोठ्या तुकडीला वेढलेले असे. हवालदारांना वीसची तुकडी प्रिय होती. ती अवजड असते, तिच्या एका चुकीत तिसरा हिस्सा सैन्य अडकते, हे ते स्वतःच सांगत. "पर दहा पडस्तवर उभी ऱ्हाते," म्हणत. मी दोघांकडून शिकलो. वर्षभरात माझी मांडणी ठरली: एक वीसची, दोन पंधराच्या, एक दहाची. डझनाचे नाव मी पुन्हा काढले नाही.

या रविवारांचा उल्लेख कृतज्ञतेशिवाय करता येत नाही. मी नगर जिल्ह्यातून आलेला, गावात ओळख नसलेला माणूस होतो. त्या घरात मला कोणी जात विचारली नाही. खेळ संपला की मावशी तिघांना सारख्याच पितळ्यांत चहा देत, आणि हरलेल्याला पहिला देत.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी हवालदारांची वीसची तुकडी नदीकाठी सापडली. माझ्या गोळीबारानंतर त्यांनी तिच्यावर बोट फिरवून आकडा सांगितला, "अकरा. उभी हाय."

नऊ होते. म्हणजे तुकडी उचलायला हवी होती. मिस्त्री पंच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी फाशांकडे पाहिले. 

"नऊ हायती," दारातून मावशी म्हणाल्या. "ह्या दोघांची दातखीळ बसलीया."

हवालदारांनी नऊ शिपाई एकेक करून उचलले. मग सांगितले की महिनाभर त्यांना कडेचे दिसत नव्हते आणि आता मधलेही धूसर होते. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती, उरलेलीही टिकण्याची खात्री नव्हती.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "माझी मानसं माझी मी मोजनार. ज्या दिवशी दुसऱ्यानं मोजायची पाळी आली, त्या दिवशी हे दार परत गोठ्याला."

गोठ्यात तेव्हा जनावर नव्हते. दार परत बसवणे म्हणजे खेळ कायमचा बंद करणे, हे आम्हाला समजले.

दिवाळीपर्यंत ते उंबरा पायाने चाचपू लागले. दारावर हात फिरवला की खुंट्या आडव्या होत. कोणती मेलेली आणि कोणती धक्क्याने पडलेली ते कळेना. मिस्त्रींनी उपाय काढला. प्रत्येक तुकडीसाठी एक फळी, तिला भोके, भोकात खुंटी. मेला तो उपसून घ्यायचा. पहिली फळी त्यांनी वीसची केली. हवालदारांनी ती तीनदा मोजली आणि तीन वेगळे आकडे आले. पंधराची जमली, पण वेळ लागे. दहाची लगेच जमली. पण दहाच्या सहा फळ्या झाल्या, आणि सहावी मोजेपर्यंत पहिलीत किती होते ते त्यांच्या ध्यानातून जाई.

"ऱ्हाऊ द्या मिस्त्री," ते म्हणाले. "लाकूड वाया चाललंय."

त्या रविवारी खेळ झाला नाही. हवालदार ओट्यावर बसून राहिले. मावशी जोत्याच्या कडेला बसून नाम मोजत होत्या, आपल्याकडे मोजतात तसे: अंगठ्याने चार बोटांची पेरे, एका बोटाला तीन. करंगळीपासून सुरुवात, तर्जनीच्या टोकाला शेवट. मी कितीदा तरी पाहिलेले होते. त्या दिवशी मी बेरीज केली. चार बोटे, तीन पेरे.

मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. ते वाकड्या चाकाचा आऊट काढत होते. बाराची फळी करा, मी म्हणालो.

"डझन?" त्यांनी विचारले. "तुझं भांडार काय तुला सोडत नाय, भावा."

"तीन-तीन भोकांच्या चार ओळी. आणि भोकांतलं अंतर त्यांच्या हाताच्या मापाचं."

त्यांनी कानामागची पेन्सिल घेतली आणि दुकान तसेच टाकून निघाले. हवालदारांचा डावा पंजा कागदावर ठेवून त्यांनी प्रत्येक पेराजवळ खूण केली. हवालदारांनी कशासाठी ते विचारले. मिस्त्री म्हणाले, "हातमोजा शिवतो साब." पुढच्या रविवारी पाच फळ्या आल्या. खुंट्यांची डोकी कानसून गोल केलेली होती.

हवालदारांनी पहिल्या फळीवर पंजा उपडा टाकला. प्रत्येक पेराखाली एक शिपाई आला. मिस्त्रींनी गुपचूप दुसऱ्या ओळीतला मधला उपसला आणि फळी परत हाताखाली सरकवली.

"मधल्या बोटाचं दुसरं पेर," हवालदार लगेच म्हणाले. "एक गेला. अकरा." मग फळीची कड चाचपून, "बाराची तुकडी? बाबू, भाकरी खानारी दोघं परत आनलीत?"

"आणली."

"बरं, बसू द्या पंगतीला."

आम्ही खेळलो. मी माझी नेहमीची मांडणी घेतली, बारा फाशांची. त्यांचे दहा. त्यांच्या पहिल्या तुकडीचे दोन शिपाई मी पाडले आणि त्यांच्या फाशांतला एक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पंजा फळीवर ठेवला.

"दहा उभी हायती. दोन फासे. हात मागं घ्या."

बरोबर होते. माझ्या दहाच्या तुकडीतला एकच पडला आणि तिचा एक फासा तेवढ्यानेच गेला होता. इतके दिवस मी ज्या दोघांना बिनकामाचे समजलो, ते पहिला मार खाऊन बाकीच्यांची बंदूक चालू ठेवत होते. हवालदारांनाही ते नवे होते. त्यांनी दुसऱ्या फळीवर, मग तिसऱ्या फळीवर हात ठेवून पाहिला.

"फुकट खात न्हाईत ही," ते म्हणाले.

तरी फासे त्या दिवशी माझ्या बाजूने पडत होते. त्यांच्या दोन तुकड्या गेल्या. तिसरी टेकडीवर होती आणि तिच्यावर माझ्या वीसने गोळीबार केला. मिस्त्रींनी पडलेले उपसले. उपसणे संपले तेव्हा खोलीत कोणी आकडा उच्चारला नाही. मावशी दारात उभ्या होत्या. त्याही गप्प राहिल्या.

हवालदारांनी पंजा उपडा टाकला. करंगळी जराशी हलली, मग अनामिका. अंगठा फळीबाहेर एकटाच वर-खाली झाला.

"सहा गेले," ते म्हणाले. "निम्मे. तुकडी उठली."

त्यांनी फळी स्वतः उचलली, खोक्यात नीट ठेवली आणि चौथ्या फळीसाठी हात पुढे केला. खेळ ते हरले. पहिला चहा त्यांना मिळाला. दार त्यानंतर, मी त्या घरात राहिलो तितकी वर्षे, ट्रंकांवरच होते.