नव्या बॅटऱ्यांचा महिना

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी जोतिबाच्या वाटेवरच्या एका निसर्गोपचार केंद्रात. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. केंद्राचं आवार एवढं मोठं की गुडघेदुखीचे पेशंट खोलीपासून जेवणघरापर्यंत जाईतो दमायचे. त्यांच्यासाठी मालकांनी कुठल्याशा गोल्फच्या मैदानावरची जुनी, बॅटरीवर चालणारी गाडी आणली होती. दिसायला ऐटदार, पण बॅटऱ्या मेलेल्या. शेवटी दिवाळीनंतर सहा नव्या बॅटऱ्या आल्या आणि त्या बसवायचं काम माझ्याकडे आलं. पाना हातात घेतलेली बाई म्हणून सगळे माझ्याकडे जरा गमतीनंच बघायचे.

गाडी चालवायला ठेवलेला माणूस तसं बघायचा नाही. तो शिरोळकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. बॅटऱ्यांबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती, ती मी त्याला मराठीत सांगितली. नवी बॅटरी पहिल्या दिवशी पूर्ण ताकद देत नाही. ती पूर्ण चार्ज करायची, थोडीच चालवायची, परत चार्ज करायची. महिनाभर निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही. मग तिचा जोर हळूहळू वाढतो.

"म्हंजे पहिलारू म्हशीगत की," तो म्हणाला. "पैल्या दिवशीच भरून धार काढाय बसलं तर लाथ घालती. दमानं घ्याय लागतंय."

मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून आमचा क्रम ठरला. सकाळी सातला चार्जर काढायचा, सीट उचलायची, खालच्या बॅटऱ्यांची अठरा झाकणं उघडायची. काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढून आत तरंगणारा चार्जिंगचा आकडा तो वाचायचा, मी वहीत लिहायची. पाणी कमी असेल तिथं डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मग गेटपासून रोपवाटिकेपर्यंत दोन फेऱ्या. तो चालवायचा आणि मी शेजारी बसायची, मीटरवर लक्ष ठेवायला म्हणून. खरं तर मीटर त्यालाही दिसत होता.

त्या दोन फेऱ्यांत आम्ही काय काय बोललो! त्याच्या घरात निम्मं कन्नड. आईला तो अव्वा म्हणायचा, आणि ती रागावली की फक्त कन्नडमध्ये रागवायची. मी त्याला आमच्या कसबा बावड्याचं सांगायची. माझे वडील साखर कारखान्यात होते, हंगामात त्यांच्या कपड्यांना मळीचा वास यायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मुद्दामच म्हणाले, "आम्ही बौद्ध." पुढं कधीतरी कळून त्याचा चेहरा बदललेला बघण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं, असं वाटलं होतं. त्यानं काचेची नळी माझ्या हातात दिली. "बरं. आता तुमी वाचा, मी लिवतो," एवढंच म्हणाला.

अ‍ॅसिडच्या थेंबांनी माझ्या ओढणीची चाळण झाली. आई वैतागली. हे त्याला बोलता बोलता सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तो लांब बाह्यांचा एक जाड शर्ट घेऊन आला. "वडील उसावर औषध मारताना घालायचे. धुतलाय, घाबरू नगासा." तो शर्ट अंगावरच्या ड्रेसवर घालून मी महिनाभर काम केलं.

दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी मालकांचे पाहुणे आले. मॅनेजर म्हणाले, "यांना टेकडीवर फिरवून आणा." आवाराच्या मागं चढाची टेकडी होती. मी म्हणाले, "इतक्यात नाही, सर. बॅटऱ्या नव्या आहेत."

"नव्या आहेत म्हणून तर म्हणतोय!"

माझ्या नोकरीला तीन महिनेही झाले नव्हते. तेवढ्यात स्टिअरिंगवर बसलेल्या त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. "सायेब, चढाला मधीच थांबली तर पावण्यांनी ढकलायची व्हय?" पाहुणे हसले आणि चालत निघाले. मॅनेजर चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यानं मला मॅडम म्हणणं सोडलं.

महिना संपला. शेवटची चाचणी टेकडीची. मागच्या सीटवर वजनाला शेणखताची चार पोती टाकून आम्ही निघालो. गाडी न अडखळता वर पोचली. आकाश स्वच्छ होतं, खाली ऊस, लांबवर धुरांडं. गाडी बंद करून तो म्हणाला, "घरात पोरी बघायलेत. मी आजून कायबी बोललो न्हाय. तू सांग, बोलू का?"

मला 'बोल' म्हणायचं होतं. तोंडात आलेलंही होतं. पण एकाच क्षणी त्याची अव्वा दिसली, माझे वडील दिसले, दोन्हीकडचे भाऊबंद दिसले. मी म्हणाले, "थोडं थांब."

"किती?"

मी वही उघडून मीटरचा आकडा लिहायला लागले. तो मान हलवून गाडी वळवायला लागला.

गाडी रोजच्या कामाला लागली आणि त्याच्या शेजारची जागा पेशंटांची झाली. मी वर्कशॉपमध्ये बसून कान लावायची. त्या गाडीला इंजिनाचा आवाज नव्हता, फक्त मुरुमावर चाकं करकरायची. ती करकर जवळ आली की मी हातातलं काम थांबवायची, लांब गेली की परत सुरू करायची. आज सांगू, उद्या सांगू करत हंगाम संपला. वडिलांशी बोलायला मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि दोनदा चहाचं विचारून परत आले.

उन्हाळ्यात तो आठ दिवस रजेवर गेला आणि लग्नाचे पेढे घेऊन आला. सगळ्यांना वाटून शेवटी माझ्याकडे आला. "मी थांबलो की गं," तो हळू म्हणाला. रागानं नाही. मी त्याच्यासमोर पेढा खाल्ला. पावसाळ्याआधी तो नोकरी सोडून गावी गेला. शर्ट त्यानं मागितला नाही, मीही दिला नाही.

त्या बॅटऱ्या सहा वर्षं टिकल्या. नव्या ड्रायव्हरला मी सगळं शिकवलं, आकडे मात्र एकटीच वाचायची आणि एकटीच लिहायची. पुढं माझंही लग्न झालं. नवरा चांगला माणूस आहे. माझी तक्रार कुणाबद्दलच नाही, असलीच तर त्या टेकडीवरच्या माझ्याबद्दल आहे.

काही वर्षांनी उचगावच्या नाक्यावर तो अचानक भेटला. मोटारसायकलवर मागं बायको, पुढं टाकीवर छोटी मुलगी. केस विरळ झाले होते. तो बायकोला म्हणाला, "ह्या आमच्या मॅडम. बॅटरीचं काम ह्यांनीच शिकवलं मला." बायको मोकळी होती. माझा हात धरून म्हणाली, "मग या की घरी. जेवायलाच या एकदा."

"येईन," मी म्हणाले. मुलीच्या गालाला हात लावला. पत्ता मी विचारला नाही, आणि त्यानंही सांगितला नाही.