आज्जाच्या रुळावरचा ठेचा

शेजारी कुणी लसूण ठेचला की बारा वर्षांमागची ती संध्याकाळ आठवते. माझी बायको शालन रुळाच्या तुकड्यावर मिरच्या ठेचत होती, मी लसूण सोलत होतो. कोल्हापूरला पहिली रेल्वे आली, तेव्हा आज्जानं त्या लायनीवर माती वाहिली. पुढं जुने रूळ उखडले, तेव्हा बापानं हा तुकडा भंगारातनं आणला. "पिढ्यान्‌पिढ्या टिकंल," म्हणायचा. तेव्हा अभिमान वाटायचा, आता राग येतो.

"तुमच्या आज्जाच्या रेल्वेचं येवढंच सुख बघा मला," शालन म्हणाली.

"ठेचा तरी झाला की!"

त्याच रात्री ती झोपेत गेली. मयताच्या घरातलं रांधलेलं ठेवत न्हाईत, म्हणून बायकांनी सगळं फेकलं, भांडी घासली. रूळ नुसतं लोखंड समजून त्यांनी कोपऱ्यात तसाच ठेवला.

तिला पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर वाळलेला तिचा ठेचा मी बोटानं खरवडून खाल्ला.